वाचकांचे प्रश्न : नव्या देशात आपली नोंद नसते तेव्हा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दुसऱ्या देशात संसार मांडलेल्या, किंवा मांडण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांची होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ च्या मध्यास आपल्या देशाबाहेर राहणाऱ्या स्थलांतरितांची संख्या ३० कोटी ४० लाखांच्या घरात, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे ३.७ टक्के होती. तेव्हा अशी पत्रे यावीत यात नवल नाही. ती एकत्र वाचताना मात्र एक गोष्ट जाणवली. कुणाची तक्रार नोकरीची आहे, कुणाची घराची, कुणाची एकटेपणाची, पण बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे: नव्या देशात आपल्या आधीच्या आयुष्याची नोंद कुणापाशीच नसते. वर्षानुवर्षे केलेले काम, वेळच्या वेळी फेडलेली कर्जे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळवलेला विश्वास या सगळ्याचे खाते मागे राहिलेले असते आणि नवे खाते शून्यापासून उघडावे लागते. पुढील उत्तरे ही गोष्ट गृहीत धरून दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत. कायदे देशागणिक वेगळे असतात आणि वारंवार बदलतात. म्हणून कोणतेही पाऊल टाकण्यापूर्वी संबंधित देशाच्या अधिकृत माहितीशी किंवा नोंदणीकृत सल्लागाराशी पडताळणी करावी.

प्रश्न : मी बारा वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि माझे पती एका कारखान्यात उत्पादन व्यवस्थापक होते. नऊ महिन्यांपूर्वी आम्ही येथे आलो. माझी पदवी मान्य असल्याचे पत्र मिळाले, तरीही रुग्णालयात काम करता येणार नाही असे सांगतात. पतींना प्रत्येक मुलाखतीत ‘स्थानिक अनुभव’ विचारला जातो. सध्या ते एका गोदामात काम करत आहेत. आमचे कोठे चुकले?

उत्तर : आपण दोघे एकाच घरात राहून दोन अगदी वेगळ्या अडचणींना तोंड देत आहात, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करू.

परिचर्या, वैद्यक, औषधनिर्माण, वकिली, शिक्षकी हे बहुतेक देशांत नियमनाखालील व्यवसाय आहेत, आणि त्यांत पदवीला मान्यता मिळणे व व्यवसाय करण्याचा परवाना मिळणे हे दोन स्वतंत्र निर्णय असतात. पदवीच्या मान्यतेबाबत आंतरराष्ट्रीय पातळीवर बरेच काम झाले आहे. युरोप परिषद आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये झालेल्या लिस्बन करारात असे तत्त्व मान्य झाले की, दोन शिक्षणक्रमांत ठळक तफावत असल्याचे मान्यता देणारी संस्था दाखवू शकत नसेल, तर तिने मान्यता द्यावी. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर नव्हे, संस्थेवर टाकली गेली. युनेस्कोने २०१९ मध्ये संमत केलेला आणि २०२३ मध्ये अमलात आलेला जागतिक करारही याच दिशेचा आहे. परंतु हे दोन्ही करार उच्च शिक्षणाविषयी बोलतात. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहण्याची परवानगी त्या त्या देशाची परिचर्या नियामक संस्था देते, आणि ती भाषापरीक्षा, पात्रता परीक्षा किंवा देखरेखीखालील कामाचा काही काळ मागू शकते. आपल्याला मिळालेले पत्र पहिल्या दाराचे आहे. दुसरे दार अजून उघडायचे आहे.

त्या दुसऱ्या दारापाशी बहुतेकांचा वेळ कागदांच्या क्रमामुळे वाया जातो. भाषापरीक्षेचे निकाल बहुधा दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात. उत्साहाने आधी परीक्षा द्यायची आणि मग जुन्या महाविद्यालयाकडून कागद येण्याची वाट पाहत बसायचे, असे केल्यास कागद हाती येईपर्यंत निकालाची मुदत संपते आणि शुल्क पुन्हा भरावे लागते. म्हणून कागद आधी मागवावेत. तेही नुसते पदवीपत्र नव्हे, तर विषयवार तासांचा तपशील हवा. युरोपीय संघाच्या नियमांत सामान्य परिचारिकेच्या शिक्षणासाठी किमान ४,६०० तासांची अट आहे आणि त्यांपैकी किमान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असावे लागतात. ‘चार वर्षांची पदवी’ एवढेच लिहिलेल्या कागदावरून ही तुलना कोणी करू शकत नाही. कागदांवरील अपोस्टिलबद्दलही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. कागद परदेशात चालावा म्हणून १९६१ च्या हेग करारानुसार लावला जाणारा हा शेरा फक्त सही, सही करणाऱ्याचे पद आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देतो. कागदातील मजकूर खरा आहे किंवा पदवी समकक्ष आहे, असे तो म्हणत नाही.

आणखी एक घड्याळ चालू आहे, ज्याकडे आपले लक्ष नसावे असे पत्रावरून वाटते. पुष्कळ नियामक संस्था गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष रुग्णसेवा केल्याचा पुरावा मागतात. त्यामुळे परवाना येईपर्यंत जे मिळेल ते काम करण्यापेक्षा, थोडे कमी वेतन असले तरी, शुश्रूषा साहाय्यक किंवा वृद्धांची देखभाल अशा जवळच्या क्षेत्रातील काम घ्यावे. ते परिचारिकेच्या कामाइतके धरले जाणार नाही हे खरे आहे, पण तेथील पद्धतींची ओळख होते आणि आपल्याविषयी लिहून देऊ शकेल असा एक वरिष्ठ मिळतो.

आता आपल्या पतींविषयी. त्यांच्या व्यवसायाला परवाना लागत नाही, म्हणून त्यांची वाट सोपी असायला हवी होती. प्रत्यक्षात ती अधिक धूसर आहे, कारण नकार देणारा कोणता नियम दाखवत नाही. ‘स्थानिक अनुभव’ या शब्दांत कधी खरी गरज असते, कधी नुसता संकोच असतो, आणि कधी दुजाभाव असतो. कॅनडात हजारो बनावट अर्ज पाठवून झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अर्हता सारखीच असतानाही इंग्रजी वळणाचे नाव असलेल्या अर्जांना परकीय नावाच्या अर्जांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक बोलावणी आली. त्याच देशातील ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये अशी स्पष्ट भूमिका घेतली की, सरसकट स्थानिक अनुभवाची अट घालणे हा सकृद्दर्शनी भेदभाव ठरतो. हे सांगण्याचा हेतू पतींनी न्यायालयात जावे असा नाही. नऊ महिन्यांच्या नकारांनंतर माणूस स्वतःच्या पात्रतेवरच शंका घेऊ लागतो, आणि ती शंका पुढच्या मुलाखतीत त्याच्या आवाजात उतरते. नकाराचा काही वाटा आपला नाही, हे कळले की निदान पाठ ताठ राहते.

उपाय म्हणाल तर, ओळखींचा विस्तार हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार असा की, नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीच्या माणसाकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. स्थलांतरिताच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. आपल्याच भाषेच्या लोकांचे वर्तुळ मायेचे असते, परंतु त्या वर्तुळात नुकताच आलेला प्रत्येक जण त्याच चार गोदामांची माहिती बाळगून असतो. पतींनी उत्पादन क्षेत्रातील व्यावसायिक संघटनेचे सभासद व्हावे, तिच्या बैठकांना नियमित जावे आणि नवागतांसाठी मार्गदर्शक देणाऱ्या योजना असल्यास त्यांत नाव घालावे. गोदामातील कामात कमीपणा काहीच नाही. धोका इतकाच की, जादा पाळ्यांची सवय लागली की शोध घेण्याचे तास संपून जातात. म्हणून आठवड्यातील ठरावीक तास शोधासाठी राखून ठेवावेत. ‘अनुभव मिळेल’ या आमिषाने महिनोन्‌महिने विनावेतन राबवून घेणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. अशा ठिकाणी मिळणाऱ्या अनुभवाला बाहेर फारशी किंमत नसते, असे माझे मत आहे.

प्रश्न : नोकरी चांगली आहे, पगार नियमित आहे, तरीही घरमालक नकार देतात आणि क्रेडिट कार्डाचा अर्जही फेटाळला गेला. मायदेशी माझी पत उत्तम होती. ती येथे दाखवता येत नाही का?

उत्तर : बहुधा नाही. पतनोंदी ठेवणाऱ्या संस्था आपापल्या देशाच्या कायद्याने बांधलेल्या असतात आणि त्यांच्या नोंदी सहसा सीमा ओलांडत नाहीत. आपली पत वाईट ठरलेली नाही. ती मोजायला त्यांच्याजवळ काहीच नाही, आणि यंत्रणेला या दोन गोष्टींतला फरक फारसा कळत नाही. म्हणून मोजता येईल असे काहीतरी लवकर निर्माण करावे. बँकेत ठेव ठेवून मिळणारे कार्ड घ्यावे, त्यावर किरकोळ खर्च करून दरमहा पूर्ण रक्कम फेडावी, वीज आणि दूरध्वनीची देयके स्वतःच्या नावावर घ्यावीत आणि भाडे रोखीने न देता खात्यातून द्यावे. एक अर्ज फेटाळला गेला म्हणून लागोपाठ पाच ठिकाणी अर्ज करू नयेत, कारण पुष्कळ देशांत प्रत्येक अर्जाची चौकशीही नोंदली जाते. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या व्यक्तीला प्राथमिक स्वरूपाचे बँक खाते मिळण्याचा हक्क २०१४ च्या निर्देशाने दिला आहे. कायमचा पत्ता नाही एवढ्या कारणाने तो नाकारता येत नाही. आपण तेथे असाल तर या हक्काचा उल्लेख करावा.

घरमालकाला मालक कंपनीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि आधीच्या घरमालकाचे दोन ओळींचे शिफारसपत्र एकत्र करून द्यावे. नकाराला कंटाळून जास्तीची अनामत देऊ करण्याआधी कायदा पाहावा. जर्मनीत, उदाहरणार्थ, राहत्या घरासाठी तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. आणि ‘मी सध्या परगावी आहे, रक्कम पाठवा, किल्ली टपालाने येईल’ असे सांगणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. नवागत माणूस निकडीत असतो हे फसवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे वर्षभरापूर्वी येथे आले. मी लेखापाल होते. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. बँक खाते, घर, गाडी सगळे पतीच्या नावावर आहे. दिवसभर कोणाशीही बोलणे होत नाही आणि मन मोकळे केले तर ‘तुला कमी काय आहे?’ असे विचारले जाते. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : नाही. आपले पत्र मी दोनदा वाचले आणि त्यात कृतघ्नतेचा एकही शब्द मला आढळला नाही. आपल्या पतींना कामावर पोहोचताच एक हुद्दा, एक टेबल आणि नावाने हाक मारणारी माणसे मिळाली. आपल्याला यांपैकी काहीच मिळाले नाही, आणि जे होते ते सोडून यावे लागले. घरात कमी काही नसेल. घराबाहेर आपल्याला ओळखणारे कोणी नाही, हे कमी आहे.

प्रथम ‘काम करता येत नाही’ हे वाक्य स्वतः तपासून पाहावे, कारण पुष्कळ घरांत ते ऐकीव माहितीवर चालत आलेले असते. हा नियम सर्वत्र सारखा नाही. युरोपीय संघाच्या २०२१ च्या ब्लू कार्ड (उच्च कौशल्याच्या परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा वास्तव्य व काम परवाना) निर्देशानुसार कार्डधारकाच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा आहे. अमेरिकेत एच-१बी या कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या धारकांच्या जोडीदारांपैकी काही विशिष्ट गटालाच २०१५ पासून कामाची परवानगी मागता येते. आपला परवाना नेमका कोणत्या प्रकारचा आहे आणि त्यावर कोणती अट छापलेली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मनाई खरोखर असेल तर आणखी दोन गोष्टींत सावध राहावे. जुन्या कंपनीचे काम घरी बसून संगणकावरून केले तर चालते, असा समज सर्रास आढळतो; परंतु पुष्कळ ठिकाणी पैसे कोठून येतात यापेक्षा काम करताना आपण कोठे बसला आहात हे पाहिले जाते. तसेच, ज्या कामासाठी एरवी पगारी माणूस नेमला गेला असता ते विनावेतन केले, तरी काही देशांत ते कामच धरले जाते. धर्मादाय संस्थेतील स्वयंसेवा आणि शिक्षण यांना बहुधा वाव असतो. लेखापालनाच्या काही आंतरराष्ट्रीय परीक्षा कोणत्याही देशातून देता येतात; मनाईचा हा काळ त्यासाठी वापरला, तर पुढे तो मोकळा काळ म्हणून दिसणार नाही.

दुसरी बाब आपल्या नावाची. स्वतःचे खाते, वाहन परवाना, ग्रंथालयाचे सभासदत्व, डॉक्टरकडील नोंदणी या गोष्टी एकेक करून स्वतःच्या नावावर घ्याव्यात, घरभाड्याच्या करारात दोघांची नावे घालून घ्यावीत आणि पारपत्र स्वतःजवळ ठेवावे. यात पतीवरील अविश्वासाचा प्रश्न नाही. उद्या ते आजारी पडले किंवा त्यांची नोकरी गेली, तर घर चालवणारी व्यक्ती म्हणून आपली कोठेच नोंद नसणे हे दोघांनाही महागात पडेल. आपल्या पत्रात तसे काही सूचित होत नाही, परंतु हे उत्तर वाचणाऱ्या इतर कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो: जोडीदाराच्या छळामुळे वेगळे व्हावे लागले तर वास्तव्याचा हक्क आपोआप जातोच असे नाही. महिलांवरील हिंसाचार रोखण्यासाठी झालेल्या २०११ च्या इस्तंबूल कराराच्या ५९ व्या कलमात अशा पीडितेला अतिशय बिकट परिस्थितीत स्वतंत्र वास्तव्य परवाना देण्याची तरतूद आहे. या कलमापुरता अपवाद ठेवण्याची मुभा देशांना आहे, आणि कराराबाहेरील काही देशांत वेगळ्या सवलती आहेत, म्हणून स्थानिक मदत केंद्राकडे चौकशी करावी. परत पाठवले जाण्याची धमकी देणारा जोडीदार कायदा जाणत असतोच असे नाही.

एकटेपणाविषयी एवढेच सुचवतो की, मोठ्या मेळाव्यांवर भिस्त ठेवू नये. तेथे शंभर माणसे भेटतात आणि एकही परत भेटत नाही. त्याऐवजी दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्याच दहा-बारा माणसांसोबत बसावे लागेल असे काहीतरी निवडावे, मग तो भाषावर्ग असो किंवा गायनाचा गट. ओळख ही बहुतांशी पुनरावृत्तीतून होते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आपण गेला नाहीत तर कोणीतरी ‘त्या आज का आल्या नाहीत’ असे विचारते, आणि तेथून सुरुवात होते. पतींनी हे उत्तर वाचावे अशी माझी इच्छा आहे. ‘तुला कमी काय आहे’ हा प्रश्न त्यांनी विचारला असेल, तर पुढील वेळी तो खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारावा.

प्रश्न : आमचा सात वर्षांचा मुलगा दीड वर्षात येथील भाषा घडाघडा बोलू लागला, तरी वाचन-लेखनात मागे असल्याचे शाळा सांगते. ‘घरीही हीच भाषा बोला’ असा सल्ला शिक्षिकेने दिला आहे. आमची भाषा घरात बंद करावी का?

उत्तर : बंद करू नये. मैदानावर लागणारी भाषा आणि विज्ञानाच्या धड्यात लागणारी भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हा भेद मांडला. त्यांच्या व त्यानंतरच्या अभ्यासांचा सूर असा की, रोजच्या बोलण्याच्या भाषेत मूल साधारण दोन वर्षांत समवयस्कांच्या बरोबरीला येते, परंतु अभ्यासाच्या भाषेत बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षे लागतात. आपला मुलगा दीड वर्षाचा टप्पा ओलांडतो आहे. त्याच्या घडाघडा बोलण्यामुळे शिक्षिकेची अपेक्षा वाढली आहे आणि त्याच्या वाचनामुळे तिची निराशा होते आहे. दोन्ही स्वाभाविक आहेत. शाळेला विचारावे की, दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र साहाय्य किती वर्षे मिळते; ते बोलणे सुधारताच बंद होत असेल, तर तसे होऊ देऊ नये.

घरातील भाषा तोडण्यात दुहेरी नुकसान आहे. आईवडील मोडक्यातोडक्या नव्या भाषेत बोलू लागले की संभाषण ‘जेवलास का, झोप आता’ एवढ्यावर येते, आणि मुलाला गुंतागुंतीचे विचार ऐकण्याची संधी उरत नाही. पहिल्या भाषेत कार्यकारणभाव, गोष्ट सांगणे, युक्तिवाद करणे जमले की ते दुसऱ्या भाषेत नेता येते. म्हणून शाळेत जो विषय चालू आहे त्याच विषयावर घरी आपल्या भाषेत बोलावे आणि आपल्या भाषेतील पुस्तके मोठ्याने वाचून दाखवावीत.

याला लागूनच एक सूचना. मूल चांगले बोलते म्हणून त्याला रुग्णालयात, बँकेत किंवा सरकारी कचेरीत दुभाषी म्हणून नेऊ नये. सात वर्षांच्या मुलाने आईचे निदान तिला समजावून सांगावे ही कल्पनाच मला सहन होत नाही. पुष्कळ देशांतील रुग्णालयांत मागितल्यास दुभाषी मिळतो, परंतु तो भेटीची वेळ ठरवतानाच मागावा लागतो.

प्रश्न : माझा कामाचा परवाना माझ्या मालकाशी बांधलेला आहे. जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, पारपत्र ‘सुरक्षिततेसाठी’ त्यांच्याकडे ठेवले आहे, आणि नोकरी लावून देणाऱ्या दलालाचे शुल्क दरमहा पगारातून कापले जाते. बोललो तर परवाना रद्द होईल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती निराधार नाही, म्हणून बोलण्याआधी तयारी करावी. ओळखपत्रे अडकवून ठेवणे आणि वेतन रोखणे या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या ११ निदर्शकांत धरल्या आहेत, आणि कामगाराकडून भरतीचे शुल्क घेऊ नये असे तिच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात म्हटले आहे. आपला प्रश्न म्हणजे वैयक्तिक कुरबुर नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे. कामाचे तास रोजच्या रोज स्वतःच्या वहीत लिहावेत. पगाराच्या पावत्या, करारपत्र आणि संदेश यांच्या प्रती मालकाच्या यंत्रावर न ठेवता विश्वासू व्यक्तीकडे पाठवाव्यात. पारपत्राची मागणी सौम्य शब्दांत पण लेखी करावी. राजीनामा मात्र घाईने देऊ नये. नोकरी सुटल्यावर दुसरी शोधण्यासाठी किती दिवस मिळतात, हे आधी जाणून घ्यावे. अमेरिकेतील एच-१बी धारकास ही सवलत कमाल ६० दिवसांची असते. इतरत्र ती कमी-अधिक असेल. कामगार संघटना किंवा विनामूल्य कायदेशीर साहाय्य देणारी संस्था गाठावी आणि तक्रार त्यांच्यामार्फत करावी.

प्रश्न : पहिले सहा महिने उत्साहात गेले. आता सव्वा वर्ष झाले, कशातच मन लागत नाही. आईवडील थकले आहेत. त्यांचा दूरध्वनी ठेवला की अपराधी वाटते. परत जावे असे रोज वाटते, आणि गेलो तर हरलो असेही वाटते.

उत्तर : आपण सांगितलेल्या महिन्यांचा हिशेब जुना आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० देशबांधवांचा अभ्यास करून १९५५ मध्ये नोंदवले की, सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा अधिक राहिलेल्यांचे जुळवून घेणे बरे होते, मधल्या काळातल्यांचे सर्वांत खालावलेले होते. पुढच्या अभ्यासकांना प्रत्येक वेळी हा आलेख असाच आढळला नाही. काहींच्या बाबतीत पहिले आठवडेच सर्वांत कठीण निघाले. त्यामुळे अठरावा महिना उजाडताच सारे ठीक होईल असे मी म्हणणार नाही. उत्साहाचा भर ओसरल्यावर आणि नवी माणसे अजून आपली झालेली नसताना असा काळ येतो, तो अनेकांना आलेला आहे, एवढे मात्र निश्चित.

अपराधीपणाची गोष्ट वेगळी आहे. मानसशास्त्रात पॉलीन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ अशी एक कल्पना मांडली आहे: माणूस गेलेला नसतो, पण जवळही नसतो, म्हणून त्याच्यासाठी रडावे की नाही हेच कळत नाही. कोणी सांत्वनाला येत नाही, कारण घडलेले काहीच नसते. आपले आईवडील हयात आहेत, रोज बोलतात, आणि तरीही दूरध्वनी ठेवल्यावर काहीतरी गमावल्यासारखे वाटते, ते यामुळे. त्यावर तोडगा म्हणून कॉलची संख्या वाढवू नये. त्या वेळेत काहीतरी एकत्र करावे. त्यांच्या औषधांची यादी, डॉक्टरांच्या भेटी, बँकेची कामे यांपैकी दुरून करता येण्यासारखे एखादे काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. प्रत्यक्ष जबाबदारी अंगावर असली की अपराधीपणाला मोकळे रान मिळत नाही. झोप, भूक आणि काम यांवर दोन आठवड्यांहून अधिक काळ परिणाम होत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

परत जाण्यात हार नाही. दरवर्षी असंख्य लोक परततात आणि त्यांपैकी कित्येकांनी तसे मुळातच ठरवलेले असते. मात्र निर्णय रात्री दूरध्वनी ठेवल्यानंतर घेऊ नये. आधी एक मोठी रजा घेऊन आईवडिलांसोबत महिनाभर राहून यावे, म्हणजे ओढ त्यांची आहे की येथील कंटाळ्याची, हे उमगेल. त्या दौऱ्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, लांबच्या गैरहजेरीचा आपल्या परवान्यावर काय परिणाम होतो. युरोपीय संघात पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळणारा दीर्घकालीन रहिवाशाचा दर्जा सलग बारा महिने संघाबाहेर राहिल्यास साधारणपणे जातो, आणि तात्पुरत्या परवान्यांच्या अटी त्याहून कडक असतात. दुसरी, परवान्याचा एखादा अर्ज प्रलंबित आहे का. काही देशांत असा अर्ज निकाली निघण्याआधी विनापरवानगी देशाबाहेर पडल्यास अर्जदाराने तो सोडून दिला असे धरले जाते. तिकीट त्यानंतर काढावे.